चाळीस एमबीची पेटी

सोनगीरहून पुण्याला निघाले, त्या सकाळी माझी पत्र्याची पेटी आबांनी, माझ्या वडिलांनी, भरली. आमचं घर तांबटाचं. बाजाराला माल धाडायचा तर हंडीत पातेलं, पातेल्यात तांब्या आणि उरलेल्या फटीत पेंढा. मोकळं राहिलं की भांडं आदळतं, पोचा पडतो. माझ्या पेटीतही त्यांनी तेच केलं. तांब्यात शेंगदाणे, पातेल्यात ज्वारीच्या पापडांसारख्या बिबड्या, परकराच्या घडीत तिखटाची पुडी. गुडघा टेकवून कडी लावली आणि म्हणाले, "बोटभर जागा सोडानी नही, बाई." धुळ्याच्या स्टँडवर ती पेटी टपावर चढवणाऱ्या हमालाची मला इतकी दया आली, की रडायचं राहूनच गेलं. मालेगाव मागे पडल्यावर मात्र पोटभर रडले.

पुण्यात एका डीटीपीच्या दुकानात कामाला लागले. मालक म्हणाले, "महिनाभर बघू, जमलं तर ठेवू." नाही जमलं तर परत गावी, आणि "आठ दिनमां परत येई" म्हणणारी अख्खी गल्ली खरी ठरणार.

कॉम्प्युटर जुना, दुसऱ्याकडून घेतलेला. हार्ड डिस्क चाळीस एमबी. आताच्या फोनमधले दहा फोटो घेतले तरी ती भरली असती. पण मी तांबटाची लेक! प्रत्येक काम, प्रत्येक फॉन्ट त्यात ठासून बसवला. महिना संपत आला तेव्हा डिस्क काठोकाठ भरली होती आणि मी स्वतःवर जाम खूश होते.

त्याच आठवड्यात एका शाळेचा वार्षिक अंक आला. मुख्याध्यापक चार वाजता न्यायला येणार होते. दोन वाजता प्रिंट दिली, तर पडद्यावर उमटलं की जागा नाही. मशीन तीनदा बंद करून चालू केलं. प्रिंटर ढिम्म. माझ्या डोळ्यांपुढे धुळ्याची परतीची एसटी.

मालकांनी डिस्क बघितली आणि कपाळाला हात लावला. "अहो, छापण्याआधी त्याला पान आत मांडावं लागतं. मांडायला जागा ठेवलीत का?"

अकरा फ्लॉप्या घेतल्या, जुनी कामं त्यांवर उतरवली, प्रत्येकीवर नाव लिहिलं, मग डिस्कवरून पुसली. साडेतीनला पहिलं पान बाहेर आलं, अजून कोमट. मी ते गालाला लावलं. नोकरी राहिली.

हे सगळं मी आबांना पत्रात लिहिलं, जरा टोमणा मारूनच: तुमच्या भरण्याने माझी नोकरी जात होती!

दिवाळीला घरी गेले. घर नेहमीसारखं भांड्यांनी गच्च, कोनाड्यातसुद्धा घंगाळ. फक्त भिंतीवरची एक फळी रिकामी, पुसून लख्ख. मी विचारलं, हिच्यावरचं सामान कुठे गेलं?

आबा ठोकणं न थांबवता म्हणाले, "तुना पत्रमां लिखेल व्हतं ना? ती तुनी जागा शे."

तिकडे गावी राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, आता माझ्याकडे मोठी मशीनं आहेत, स्वतःचा फ्लॅट आहे. तरी घर म्हटलं की मला ती फळी आठवते. आबा ऐंशीच्या पुढे गेलेत. कुणी चुकून तिच्यावर तांब्या ठेवला, तर अजून स्वतः उठून उचलतात.