दिगंबरभाऊंचं नाक

अकोल्याच्या जुन्या शहरात दिगंबरभाऊंचं सुट्या चहाचं दुकान होतं. त्यांच्याकडून चहा घेणं म्हणजे तोंडी परीक्षाच. गिऱ्हाइकाच्या तळहातावर चिमूटभर पत्ती ठेवायची, तिच्यावर त्याला गरम श्वास सोडायला लावायचं आणि म्हणायचं, "आता घ्या वास. आला त पैसे काढा, नाई त घरी जा."

मी तेव्हा शाळेत चित्रकला शिकवायचो. रविवारी दुपारी थोडी घ्यायचो. व्होडकाला स्वतःची चव नसते, म्हणून तिच्यात घरीच चहा मुरवायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं होतं. दिगंबरभाऊंच्या गळ्यात तुळशीची माळ. पत्ती कशासाठी हवी ते सांगताना माझी जीभ अडखळली. आता हा माणूस हाकलून देणार, असंच वाटलं. ते गल्ल्यावरून उठून जवळ आले आणि हळूच म्हणाले, "किती वेळ ठेवता?"

"रात्रभर."

त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे बाप्पा! कडूजहर होते ना मास्तर! दारू चहाले पान्यापेक्षा जास्त पिळते. दोन घंटे झाले का गाळून घ्या."

पुढच्या रविवारी स्वारी घरी हजर! मग तो नेमच झाला. स्वतः एक थेंब घेत नसत. बरणीत नाक घालायचे, डोळे मिटायचे आणि "अजून घडीभर" किंवा "गाळा आता" असा निकाल द्यायचे. मी माळेकडे पाहून हसलो की म्हणत, "माळ गळ्यात आहे, नाकात नाई." माझ्यासाठी मोठ्या पानाची पत्ती ते वेगळी राखून ठेवत. "चांगला चहा थंड्या दारूत हळूहळू रंग सोडते. झटकन लाल झाला त समजा वरून रंग देऊन रंगवेल आहे," हेही त्यांनीच शिकवलं. माळकरी मित्र मिळाल्यामुळे मी सुधारतोय, अशी माझ्या आईची बिचारीची समजूत होती.

त्या वर्षांत कापसाने सालोसाल दगा दिला होता. बाजाराच्या दिवशीही खेड्यातलं गिऱ्हाईक फिरकेना. दिगंबरभाऊंचा धंदा बसू नये म्हणून मीच धडपडलो. माझी धाकटी बहीण सुमन अमरावतीत कॉलेजच्या मुलांची मेस चालवायची. तिच्याकडे शब्द टाकला आणि मेसचा सगळा चहा त्यांच्याकडून लावून दिला. दर महिन्याला पुडा मीच पोचवायचो. मित्राला हात दिल्याचं केवढं समाधान होतं मला!

एका रविवारी माझी पत्ती संपली होती. सुमनचा पुडा घरात होता, त्यातली दोन चमचे पूड बरणीत टाकली. झाकण लावेपर्यंत व्होडका लालभडक. पूड अजून तळाशीही गेली नव्हती. उकळून टाकलेला चोथा सुकवून, रंगवून विकलेला माल होता तो, आणि तो मी स्वतःच्या हाताने लोकांच्या पोरांना पाजत होतो. अंगाचा तिळपापड झाला.

तेवढ्यात दिगंबरभाऊ आले. त्यांनी बरणी पाहिली. नाक काही आत घातलं नाही.

"हे काहून टाकलं यात?" ते म्हणाले. "तुमची पत्ती मी वेगळी देतो ना."

"आन् सुमनले?"

"मास्तर, आता वास कोन घेते? लोक रंग पाह्यतात, भाव पाह्यतात. दुकान बंद करू काय?" मग, जणू मीच त्यांना दुखावलं असावं तसे म्हणाले, "तुमाले कधी खराब देल्ली का? सांगा ना. एक डाव तरी?"

"उठा," मी म्हणालो. ते उठले. पुन्हा कधी घरी आले नाहीत आणि मीही त्यांच्या गल्लीत पाय ठेवला नाही.

त्याच संध्याकाळी सुमनला फोन केला. झालं ते सगळं सांगितलं.

"मले समजलं होतं दादा," ती म्हणाली. "पोरं म्हनत, चहा घशाले लागते. तुहा मित्र, म्हनून मी गप राह्यली."

काही वर्षांनी दिगंबरभाऊ गेले. पोचवायला गेलो. रडू आलं, आणि आलं याचाच राग आला. शेजारचा दुकानदार माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "लय सच्चा मानूस होता मास्तर." मी मान हलवली. माझ्याशी ते शेवटपर्यंत सच्चेच होते. तेच मला आजवर पचलेलं नाही.