लाल फूल, कडक स्प्रिंग

"थांबव. अरे थांबव म्हणतो ना, मी इथंच उतरतो," अप्पा ओरडत होते. माझा पाय ब्रेकवर होता आणि गाडी थांबलीही होती, पण थांबूनसुद्धा नाचत होती. पापनाशमच्या अलीकडच्या शाळेपुढचा स्पीडब्रेकर आम्ही केव्हाच मागे टाकला होता, तरी माझी दोन सीटांची स्पोर्ट्स कार जागच्या जागी वरखाली, वरखाली करत होती, अंगात आल्यासारखी. मागच्या बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवायचं विसरून बघत राहिला. खाचरातले बगळे घाबरून उडाले ते थेट कुंभकोणमला गेले आणि अजून परतले नाहीत असं म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणतो.

अप्पा म्हणजे माझे वडील. वय ऐंशीच्या पुढे, पेशाने वकील, आता निवृत्त, पण फक्त कोर्टापुरते. त्यांनी एका हाताने दार ढकललं, दुसऱ्या हाताने वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं नेसलेलं धोतर, सावरली आणि जमिनीला टेकलेल्या त्या गाडीतून विहिरीतून वर यावं तसे बाहेर आले.

"ही गाडी आहे की उखळ? भात कांडायला शेतापर्यंत जायची गरजच नाही. मलाच कांडलंस."

"अप्पा, तुम्हीच म्हणाला होता निकाल मान्य आहे म्हणून."

"निकाल मान्यच आहे. पण देवीने स्प्रिंग कडक घाल म्हणून सांगितलं. मी त्यावर बसावं असा काही तिचा हुकूम नाही."

एवढं बोलून ते मागच्या बसकडे चालू लागले. बसची पायरी उंच, अप्पांचा गुडघा कुरकुरणारा. कंडक्टरने वरून हात दिला, खालून दोन बायकांनी आधार दिला आणि अप्पा चढले. मी रिकामी सीट शेजारी घेऊन पापनाशमपर्यंत त्या बसच्या मागे मागे नाचत गेलो.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. आमची पापनाशमजवळ थोडी भातशेती आहे. दर शनिवारी तिथे जायचं, बांधावर उभं राहून पाणी बघायचं, कुळाला दोन प्रश्न विचारायचे, एक इळनीर, म्हणजे शहाळं, प्यायचं आणि तंजावूरला परत यायचं, हा अप्पांचा आठवड्यातला एकच प्रवास. आणि तो माझ्या गाडीतून. या गाडीसाठी त्यांनी मला लाख शिव्या दिल्या असतील, पण राजवाड्याजवळच्या आमच्या गल्लीतून ती निघाली की काच खाली करून सगळ्यांना दिसेल असं बसत. घरी आम्ही दोघे दिवसाला जेमतेम चार वाक्यं बोलतो. गाडीत मात्र पापनाशम येईपर्यंत ते मला त्यांचे सगळे जिंकलेले मुकदमे सांगत. हरलेला एकही नसे. अतिशयोक्ती आमच्या रक्तातच आहे. त्यामुळे अप्पा बसने जाऊ लागले, तर मी काय गमावणार हे मला बसच्या धुरातसुद्धा स्पष्ट दिसत होतं.

आता ही गाडी. वर्षातून काही वेळा मी ती चेन्नईजवळच्या ट्रॅकवर नेतो. हेल्मेट घालायचं आणि आपलीच गाडी वळणावळणातून जितकी पळवता येईल तितकी पळवायची. बक्षीस नाही, मिरवणूक नाही. माझ्या वयाचे बरेच लोक पोट आत ओढून तिथे येतात. अडचण अशी होती की वळणावर माझी गाडी कलायची. कलायची म्हणजे किती, तर डाव्या वळणावर उजव्या काचेतून मला गांडुळांचे चेहरे ओळखू यायचे. उपाय एकच, स्प्रिंगा बदलणे. जुन्यासारख्याच मऊ घालाव्यात, का कडक आणि थोड्या बुटक्या घालाव्यात, हा प्रश्न.

माझा मेकॅनिक म्हणाला, "कडक घाला सार. गाडी रुळावरून जाते तशी जाईल." या माणसाने आजवर कुठल्याही प्रश्नाला सावध उत्तर दिलेलं नाही. लग्न करू का असं विचारलं असतं तरी म्हणाला असता, कडक करा सार. अप्पांचं मत उलटं. त्यांची पाठ, नदीच्या डेल्टातले खड्ड्यांचे रस्ते, कालव्यावरचे पूल, दर गावात चार स्पीडब्रेकर. महिनाभर युक्तिवाद चालला. शेवटी बायको कंटाळून म्हणाली, "तुम्हा दोघांना न्यायाधीश लागतो. घरात मी आहे, पण मला तर कुणी विचारत नाही."

"वरच्या कोर्टात जाऊ," अप्पा म्हणाले.

वरचं कोर्ट म्हणजे कालव्याकाठची आमची देवी. दोन्ही बाजू सारख्याच वजनदार झाल्या की आमच्या घरात फूल टाकून बघतात. एका पानाच्या पुडीत लाल फूल, दुसऱ्या पुडीत पांढरं, दोन्ही दोऱ्याने बांधून देवीपुढे टाकायच्या आणि दर्शनाला आलेल्या कुठल्यातरी अनोळखी माणसाला एक उचलायला सांगायचं. या पद्धतीने आमच्याकडे लग्नं ठरली, बोअरवेलची जागा ठरली, मी इंजिनिअर व्हायचं हेही ठरलं, त्यामुळे देवी कधी चुकतच नाही असं मी म्हणणार नाही. लाल म्हणजे कडक, पांढरं म्हणजे मऊ.

त्या दिवशी पुडी उचलायला एक जाडजूड बाई मिळाल्या, मी आजवर पाहिलेल्यांत सगळ्यात प्रामाणिक चेहऱ्याच्या. त्यांनी मायेनं विचारलं, "मुलगी कुठली?"

"स्प्रिंग," पुजारी म्हणाले.

बाईंनी नमस्कार केला, डोळे मिटले आणि पुडी उचलली. लाल. अप्पांनी कपाळाला हात लावला, हळद-कुंकू घेतलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "घाल कडक." एकदा निकाल लागला की रडायचं नाही, हा त्यांचा बाणा.

आमची चूक इथेच झाली, आणि ती बहुधा आमच्यासारखीच माणसं करतील. स्प्रिंगेबरोबर शॉक अ‍ॅब्सॉर्बरही बदलावा लागतो. स्प्रिंग गाडी उचलते, शॉक तिला पुन्हा जागेवर बसवतो. कडक स्प्रिंगेला जोरकस शॉक लागतो. हे मला माहीत होतं, मेकॅनिकलाही माहीत होतं. पण देवीला आपण शॉकबद्दल विचारलं नव्हतं. विचारलं नाही म्हणजे तिने सांगितलं नाही, आणि सांगितलं नाही ते आपल्या मनाने घालणं अप्पांना मंजूर नव्हतं. "पुन्हा विचारू," मी म्हणालो, तर म्हणाले, "एकाच बाबतीत देवीला दोनदा त्रास देतात का?" म्हणून कडक नव्या स्प्रिंगा आणि थकलेले जुने शॉक. गाडीचा बेडूक झाला. तीन शनिवार अप्पा दात आवळून बसले. चौथ्या शनिवारी शाळेपुढचा तो स्पीडब्रेकर आला.

बसने गेल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा गुडघा सुजला. बायको त्यांना शेक देत होती. "अहो, या वयात त्यांना बसच्या पायरीवर चढवलंत," ती मला म्हणाली. "ट्रॅकवर तुमचा नंबर नक्की पहिला येणार."

ट्रॅकवर नंबर नसतो हे मी तिला सांगितलं नाही. पुढच्याच आठवड्यात ट्रॅकवर गेलो तर तिथेही तोच प्रकार. वळणाच्या मध्ये एक उंचवटा आहे. त्यावरून गाडी उडाली आणि उतरेपर्यंत मी आत बसून निवांत दोन प्रार्थना म्हटल्या. शिकवायला शेजारी बसलेला गृहस्थ खाली उतरून पांढऱ्या चेहऱ्याने म्हणाला, "स्प्रिंग छान आहे. पण तिला धरून ठेवणारं कुणी नाहीये."

परतताना तिंडिवनमपासून तंजावूरपर्यंत मी युक्तिवाद रचत आलो. घरी अप्पा पाय उशीवर ठेवून कापी, म्हणजे आमची फिल्टर कॉफी, पीत होते.

"अप्पा, एक अर्ज आहे."

"निकाल लागलेल्या मुकदम्यात अर्ज नसतो."

"अंमलबजावणीचा असतो. देवीने कडक म्हटलं. पण तिचा शब्द पाळायला लागणारा शॉक आपण घातलाच नाही. निकाल आपण अर्धवट अमलात आणला, आणि बोल मात्र तिला लावतोय."

अप्पांनी दवऱ्यातली, म्हणजे पसरट वाटीतली, कापी टंबलरमध्ये ओतली, टंबलरमधली दवऱ्यात, पुन्हा उलट. एवढ्या वेळात कोर्टात दोन तारखा पडल्या असत्या.

"हे तू कुणाकडून शिकलास?"

"पापनाशमच्या रस्त्यावर."

"मंजूर," ते म्हणाले. "पण मी बसणार असं मी म्हटलेलं नाही."

नवे शॉक मागवले ते ज्यांच्या डोक्यावर फिरवायची खुंटी असते तसले. एका बाजूला फिरवली की घट्ट, दुसऱ्या बाजूला की सैल. ट्रॅकला घट्ट, पापनाशमला सैल. मेकॅनिकने अर्थातच शेवटपर्यंत घट्ट करून दिले. चाचणीसाठी बायको भरलेला टंबलर हातात घेऊन शेजारी बसली. पहिल्या खेपेला कापी छताला लागली. मग मी सैल, आणखी सैल करत गेलो, तर गाडी पुन्हा बेडूक होऊ लागली आणि कापी तिच्या पदरावर. असं कालव्याच्या रस्त्याने इतक्या वेळा गेलो-आलो की म्हशी आम्हाला वाट सोडायच्या. शेवटी मधली एक जागा सापडली. तिथे खड्डा लागला तर गाडी खाली जायची, वर यायची आणि तिथेच राहायची. बायको टंबलरकडे बघून म्हणाली, "आता दुसऱ्या कुणाला घ्या. मला या वासाची शिसारी बसली."

शनिवारी सकाळी अप्पा न सांगताच बस थांब्यावर जाऊन उभे राहिले, काठी, पिशवी आणि बांधलेला गुडघा घेऊन. मी गाडी त्यांच्यापुढे थांबवली.

"बसा अप्पा."

"बस येईल."

"येईपर्यंत तरी बसा. उभं राहून गुडघा दुखेल."

त्यांनी रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघितलं. बस दिसत नव्हती. बसले. पट्टा लावला नाही, म्हणजे तात्पुरते. मी हळूच गाडी पुढे काढली. थोड्या वेळाने मागून बस आली, तिने हॉर्न दिला, आणि अप्पांनी हात बाहेर काढून तिला पुढे जायची खूण केली. मग पट्टा लावला.

शाळेपुढचा स्पीडब्रेकर आला. मी वेग कमी केला नाही. गाडी वर गेली, खाली आली आणि बसली. एकदाच. अप्पा तेव्हा कुठल्यातरी जमिनीच्या दाव्याच्या ऐन मध्यावर होते, आणि वाक्य तुटलं नाही.

शेतावर पाणी बघून झालं, इळनीर झालं. परतीच्या वाटेवर आणखी दोन मुकदमे जिंकून झाले. घरासमोर ते उतरत होते तेव्हा मला राहवलं नाही.

"अप्पा, कशी वाटली गाडी?"

त्यांनी काठी टेकली, वेष्टी झटकली, दार लावलं.

"माझ्या बाजूची काच पूर्ण वर जात नाही. पुढच्या शनिवारच्या आत ती बघ, कानात वारा जातो."