मारेकरणीचा आवाज

मी मारेकरीण झाले तेव्हा माझ्या पाठीवर कपाशी फवारायचा पंप होता. त्याला चंदेरी रंग फासलेला आणि हातात ठिबकच्या नळीची बंदूक. तीनशे वर्षांनंतरच्या काळातून एका दुष्ट शास्त्रज्ञाला ठार करायला मी येते, असा आमचा लघुपट. दिग्दर्शिका माझी कॉलेजातली मैत्रीण, बाळापूरकडच्या शेतकरी घरातली. पंपही तिच्या घरचाच. पातूरच्या लेण्यांजवळच्या टेकडीवर शूटिंग होतं आणि मी हरखून गेले होते. उड्या, कोलांट्या, लाथा, सगळं जमत होतं मला!

अडलं ते एका वाक्यावर. अख्ख्या सिनेमात मारेकरीण एकदाच बोलते, आणि मैत्रिणीचा हट्ट की ती वऱ्हाडीतच बोलणार.

"तीनशे वर्सांनी आपली बोली रायनार नाई काय? काहून नाई रायनार?"

मला पटलं होतं. पण आमचं घर शहरातल्या जठारपेठेतलं, आई मराठीची निवृत्त शिक्षिका, लोकांच्या लग्नपत्रिकांतलेही ऱ्हस्व-दीर्घ सुधारणारी. घरात वऱ्हाडीचा एक शब्द आला की तिचे डोळे मोठे व्हायचे. मी शास्त्रज्ञावर बंदूक रोखून म्हटलं, "पळून काहून राहिला बे? तुलेच माराले आली मी," आणि मैत्रिणीनं कपाळावर हात मारला.

"थे मारून नाई राहिली, बातम्या देऊन राहिली!"

पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. शेवटी ती म्हणाली, "आता नाई जमलं तं मले दुसरी पोरगी पाहा लागते." हेल्मेटच्या आत रडूच कोसळायच्या बेतात होतं.

"पळून नाही गं. पयून," मागून आवाज आला. पोरींना डोंगरावर एकटं कसं सोडायचं म्हणून आई सोबत आली होती आणि छत्रीखाली संत्रं सोलत बसली होती. ती उठली, पदर खोचला आणि शास्त्रज्ञाकडे बघून म्हणाली, "पयून काहून राहिला बे? तुलेच माराले आली मी."

ओरडली नाही. भाजीवालीशी भाव करावा तसं, सावकाश म्हणाली. शास्त्रज्ञ झालेला मैत्रिणीचा चुलतभाऊ खरोखर मागे सरला.

"काकू!" मैत्रीण किंचाळली. "आवाज तुमचाच पायजे मले!"

आईनं आवाज दिला, पण अट घालून: तिचं नाव कुठंही द्यायचं नाही. परतताना गाडीत मी चिडून विचारलं, "तुला इतकी झकास येते, मग आम्हाला का बोलू दिली नाहीस?"

"इथल्याच खेड्यातून पुण्याला शिकायला गेले," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "पहिल्याच दिवशी तोंड उघडलं आणि अख्खा वर्ग हसला. तुला कोणी हसायला नको होतं." अमरावतीच्या लघुपट स्पर्धेत भरल्या सभागृहापुढं तेच वाक्य जाणार, याची तिला आताच धडकी भरली होती.

अमरावतीला पडद्यावर मी खडकाआडून उडी घेतली, दोन पहारेकरी लोळवले, आणि माझ्या तोंडून आई बोलली. शेजारी तिनं माझं मनगट आवळलं. मग मागून शिट्टी आली, आणि टाळ्या, अशा टाळ्या की पुढची मारामारी ऐकूच आली नाही! मी तर खुर्चीतून उठून नाचायचीच बाकी होते.

बाहेर कॉलेजच्या पोरींनी मला गराडा घातला. "ताई, थो डायलॉग म्हना ना एकडाव!"

मी आईकडे पाहिलं. तेवढ्यात पर्स सावरत आई पुढं झाली. कडक इस्त्रीची साडी, डोळ्यांवर चष्मा. सगळ्यांत पुढच्या पोरीवर तिनं बोट रोखलं आणि त्या भर गर्दीत खणखणीत आवाजात म्हणाली, "पयून काहून राहिली वं? तुलेच माराले आली मी!"

सगळ्यांत आधी हसली ती आईच.