कडुबामामांचा कान

औरंगपुऱ्यात मोबाइलच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर माझं पूल पार्लर आहे. चार टेबलं, आठ पंखे आणि एक कडुबामामा. पंखा बिघडला तर दुसरा आणता येतो. मामांच्या बाबतीत ती सोय नाही, म्हणून त्यांचं बोलणं मी मुकाट्यानं ऐकून घेतो. "विश्वजीत, तुला लाकडातलं ओ की ठो कळत नाय," हे तर मी रोज सकाळी ऐकतो.

मामा मूळचे सिल्लोडकडचे. सतराव्या वर्षी शहरात आले. गुलमंडीच्या मागं लाकूड कातणाऱ्या एका खरादीच्या कारखान्यात पलंगाचे पाय आणि पाळण्याचे खांब घडवण्यात त्यांची तीस वर्षं गेली. मग लोखंडी पलंगांनी तो कारखाना बंद पाडला आणि मामा माझ्याकडं आले. स्टिकांच्या टोकाच्या चामडी टिपा बदलायच्या, वाकलेली स्टिक बाजूला काढायची, टेबलाचं कापड ताणायचं, ही त्यांची कामं. पूल ते कधी खेळले नाहीत. "गोळ्या भोकात घालायच्या, त्यात काय एवढं?" असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हणतात. पण नवी स्टिक घ्यायची झाली की जालन्याहून, जळगावहून पोरं त्यांच्याकडं येतात.

त्यांची रीत एकच. चपला काढून अनवाणी उभे राहतात, दोन बोटांत स्टिक सैल धरतात आणि तिचं जाड टोक शहाबादी फरशीवर हलकेच ठोकतात. डोळे मिटलेले. इतका वेळ मिटलेले, की नवख्याला वाटावं, म्हातारा उभ्या उभ्या झोपला. मग "ही" म्हणतात, नाहीतर "नाय" म्हणतात. कारण विचारलेलं त्यांना खपत नाही.

परवा दुपारी विशाखा आली. तेवीस वर्षांची, एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये काम करते. रविवारी पुण्यात तिची राज्याच्या संघासाठी निवड चाचणी होती. ही पोरगी खेळते देखणं, पण ब्रेक म्हणजे आनंदीआनंद. पंधरा बॉल त्रिकोणात मांडलेले असतात, पहिल्या फटक्यात ते चौफेर उधळले पाहिजेत. विशाखाचा फटका म्हणजे शेजारणीनं साखर मागायला दार वाजवावं तसा. रोजच्याच स्टिकनं ब्रेक करायची, टिप खराब होईल म्हणून हात राखायची. दोन वर्षं ती याच कारणानं पुण्याहून परत आली होती. तिसऱ्यांदा असंच झालं तर खेळणं सोडते, असं तिनं मला सांगून ठेवलं होतं. म्हणून मी खास ब्रेकच्या, कडक टिपेच्या तीन स्टिका मागवल्या. एक काळी आणि वजनदार, एक लाल, एक फिकट रंगाची आणि हलकी. एक ठेवायची, दोन परत पाठवायच्या.

"जय भीम, मामा," ती म्हणाली. मामांनी जय भीम घातला आणि चपला काढल्या.

पार्लरमध्ये त्या वेळी एक सुस्ती असते. खिडकीच्या निळ्या काचेतून आलेलं ऊन टेबलावर पडलेलं होतं, कोपऱ्यातल्या टेबलावर दोघं जण न बोलता खेळत होते. मलाही डुलकी लागत होती. मामांनी काळी ठोकली, लाल ठोकली, फिकट ठोकली. मग काळी विशाखाच्या हातात देऊन म्हणाले, "ही घे."

माझी झोप उडाली. काळीचे दोन तुकडे जिथं जोडतात, त्या जोडात खुळखुळ होती! लाकडातलं ओ की ठो न कळणाऱ्या मलासुद्धा ती ऐकू आली होती. मला राग आला. पोरीचं सगळं या एका स्टिकवर आणि हा माणूस खुशाल डुलक्या घेतो? मी विशाखाकडं पाहिलं. तिनंही ऐकलं होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तरी ती "बरं, मामा" म्हणाली आणि काळी स्टिक पिशवीत घालू लागली.

आमची ती नजरानजर मामांनी टिपली.

"थांब गं," ते म्हणाले. "वाजतंय का काय तिच्यात?"

विशाखानं स्टिक पिशवीतून परत काढली. मामा स्टुलावर बसले.

"उजवा कान दिवाळीतच गेला. डावाबी चाललाय. ठोकतो ते आता सवयीनं."

"मशीन नाही घेतलं?" तिनं मोठ्यानं विचारलं.

"हाय की खिशात. त्यात पंखा वाजतो, रस्ता वाजतो, लाकूड तेवढं वाजत नाय. आन् सांगितलं असतं तर बहिऱ्याच्या हातात काठी कोण देणार होतं?" ते टेबलाकडं बघत म्हणाले, "आवाज गेला की गोळ्या लई हळू चालतात गं. पाण्यातून चालल्यावानी. बसून बघत राहतो. बरं वाटतं, खोटं कशाला बोलू? पण भ्याबी वाटतं."

माझा राग कुठल्या कुठं गेला. सहा महिने हा माणूस माझ्यासमोर बसून भीत होता आणि मला पत्ता नव्हता. मला स्वतःचीच लाज वाटली.

विशाखानं चपला काढल्या. लाल स्टिक उचलली. थरथर हाडातून कळावी म्हणून मामांनी स्टिकचं बारीक टोक आपल्या कानामागच्या हाडाला लावलं आणि तिनं जाड टोक फरशीवर ठोकलं.

"सांग, काय आलं?"

"खणखणीत आहे, पण लगेच मरतो आवाज."

"ठेव तिला बाजूला."

फिकट स्टिक तिनं तीनदा ठोकली. "हिचा लांबतो, मामा. शेवटपर्यंत एकसारखा." मामांनी ती हाडाला बराच वेळ लावून ठेवली, डोळे मिटून. त्यांचा चेहरा सैल होत गेला.

"व्हय. हीच."

"पण ही हलकी आहे! ब्रेकला जड लागते ना?"

"जड काठी नुसती ढकलावी लागती. तुझा हात बारीक हाय, पण चपळ हाय. हलकी काठी त्या हातात पळंल. टिपेची काळजी सोड आन् मार."

मी बॉल लावले. मामांनी दोन्ही तळवे टेबलाच्या लाकडी कडेवर ठेवले. विशाखानं मारलं. कोपऱ्यातले दोघं खेळ थांबवून वळले. तीन बॉल आत गेले, बाकीचे उन्हातून स्वतःभोवती फिरत चारी कडांपर्यंत पोचले आणि सावकाश थांबले.

"कसं वाजलं?" मामांनी विचारलं.

विशाखा त्यांच्याजवळ गेली, डाव्या कानाशी वाकली आणि सांगू लागली. बराच वेळ सांगत होती. मामा मान हलवत होते. त्यातलं त्यांना किती ऐकू आलं, कोण जाणे. मग तिनं आपली रोजची, कुणाला हात लावू न दिलेली स्टिक काढली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली.

"हिची टिप बदलायची आहे, मामा. शनिवारपर्यंत द्या."