मुक्कामी गाडी आणि माझी फजर

पोरींनो, जरा अलीकडं सरका. असं एक पाय दारात, एक पाय अंगणात ठेवून ऐकायची ही गोष्ट नाही. आणि ते पदरात तोंड लपवून हसणं आधी बंद करा. आत्या पाच दिवस अल्लाहवर रुसली होती, एवढंच कुठून तरी तुमच्या कानावर आलं आणि तेवढ्यावर तुमचं खिदळणं चाललंय. अर्धी गोष्ट ऐकून हसणाऱ्यांचा मला फार राग येतो. पुरी ऐका, मग हसा, हसू आलंच तर. मी शाळेत गेलेली बाई नाही. लेकरांच्या पाटीवर बघून बघून अक्षरं गिरवली, तेव्हा या पत्रातल्या माझ्या वेलांट्या मोजत बसू नका.

निरवांगीच्या अलीकडं, ओढ्याच्या या काठाला आमची वस्ती. गाव ओढ्यापलीकडं आणि मशीद गावाच्याही पार पलीकडच्या टोकाला. वारा तिकडून असला तर अजान ऐकू यायची, नाहीतर नाही. मालक होते तोवर मला त्याची फिकीर नव्हती. ते उसाला पाणी धरणारे माणूस, पहाट त्यांच्या अंगात मुरलेली. ते उठायचे, मला उठवायचे, आम्ही दोघं ओसरीवर पहाटेची नमाज, फजर, पढायचो. मग त्यांना दुखणं लागलं. शेवटच्या दिवसांत एकदा मला जवळ बसवून म्हणाले, "मी न्हाय म्हणल्यावर तुला उठवणार कोण? असं कर. मुक्कामी गाडी चालू झाली की फजरला उभी राहात जा. ती चुकायची न्हाय." गावात तेव्हा ती एस.टी.ची गाडी येत होती. संध्याकाळी बारामतीहून यायची, शाळेसमोर मुक्काम करायची, पहाटे अंथुर्ण्यावरून परत बारामतीला. पहाटेच्या गारव्यात तिचं इंजिन सुरू झालं की तो आवाज ओढा ओलांडून सरळ आमच्या अंगणात यायचा. त्याच थंडीत मालक गेले. आणि मी त्यांचं सांगणं धरून बसले.

तर माझी पहाट अशी. गाडीच्या आधीच माझे डोळे उघडायचे. कंदील लावायचा, बाहेर रांजणापाशी खिळ्याला अडकवायचा, त्या उजेडात हात-तोंड-पाय धुऊन वुजू करायची, आणि मुसल्ला अंथरून तसबीहचे मणी ओढत बसायचं. पलीकडं गाडी घरघरली की उठून उभं राहायचं. दोन रकात सुन्नत, दोन रकात फर्ज. मग मालकांच्या नावानं दुआ. चौदा वर्षं. तापात, पावसात, सुनेच्या बाळंतपणात. बाकीच्या नमाजांना कधी इकडंतिकडं झालं असेल, मी साळसूदपणा करत नाही. पण फजर कधी सोडली नाही. कारण ती माझी एकटीची नव्हती. त्या नमाजेच्या मागे मी एका माणसासाठी माफी मागत होते.

आता तो दिवस सांगते, आणि आजही सांगताना माझं डोकं तापतं. थोरल्यानं नवी मोटारसायकल घेतली त्या वर्षीची ही गोष्ट, म्हणजे नव्वदच्या पुढची. हिवाळा नुकताच लागला होता. लेकीचे चुलत सासरे वस्तीवर जेवायला आले. शहरात राहिलेले, चार बुकं वाचलेले माणूस, आल्या आल्या सगळ्यांना शहाणं करायला बसले. मी आपली भाकरी थापतेय, त्यांच्या ताटात वाढतेय. त्यांनी विचारलं, "इथं अजान येत नाही, मग फजरची वेळ तुम्हाला कळते कशी?" मी कौतुकानं सांगितलं, मुक्कामी गाडी चालू झाली की. त्यांचा घास हातातच राहिला. थोरल्याला विचारलं, गाडी किती वाजता सुटते? तो म्हणाला, "साडेपाचला. ष्टँडावरल्या फळ्यावर लिवलंय की." झालं! पाहुण्यांनी पिशवीतून नमाजेच्या वेळांचा छापील कागद काढला, चष्मा लावला, बोट फिरवलं. म्हणाले, "उन्हाळ्याचं ठीक आहे. पण थंडीत पहाट त्याच्या नंतर होते. वेळेआधी पढलेली नमाज नमाजच नसते. म्हणजे तुमच्या इतक्या वर्षांच्या थंडीतल्या फजर झाल्याच नाहीत." आणि पुढं म्हणाले, "जरा आणखी रस्सा वाढा."

रस्सा वाढा! माझ्या चौदा हिवाळ्यांवर रेघ मारायची आणि वर रस्सा मागायचा! मी वाढला. पाहुणा तो पाहुणा. पण त्यांना एकदाही वाटलं नाही की ही बाई विधवा आहे, हिला हे चार माणसांत सांगू नये, बाजूला घेऊन सांगावं. नियम खोटा नव्हता, ते मला तेव्हाही माहीत होतं. वेळ होण्याआधीची नमाज धरली जात नाही, हे माझ्या आईनंही मला सांगितलं होतं. पण खऱ्याला सांगायची एक रीत असते की नाही? डॉक्टरसुद्धा सुई टोचण्याआधी कापूस फिरवतो.

पाहुणे गेले आणि मी आधी थोरल्यावर घसरले. "फळ्यावर लिवलंय म्हणतोस! तुझ्या बापानं सांगितलेली वेळ हाय ती!" तो बिचारा म्हणाला, "आई, अब्बांकडं तरी कुठं घड्याळ होतं?" त्या एका वाक्यानं माझं सगळं अवसान गेलं. खरंच की. मालकांनी तरी कशावरून सांगितलं? एक दुखणाईत माणूस, बायकोच्या काळजीनं काहीतरी बोलून गेला, आणि मी ते धरून बसले. मग ज्या थंडीत ते गेले, ज्या थंडीत मी रडून रडून त्यांच्यासाठी माफी मागितली, ती सगळी मागणी कुठं गेली? अल्लाहच्या दारावर पोचलीच नाही?

तेव्हा मी रुसले. आता तुम्ही म्हणाल, अल्लाहवर कोणी रुसतं का? माझ्यासारखी अडाणी रुसते. मी मनात म्हणाले, त्या माणसाला कागद बघून कळलं, तुला तर सगळं कळतं. चौदा वर्षं बाई अंधारात उभी राहतेय, चुकीच्या वेळी उभी राहतेय, तर एकदा तरी तिला झोप लागू द्यायचीस! एकदा तरी कुठून तरी सांगायचंस! बाकीच्या चार नमाजा मी पढत होते, तोंड फुगवून. पण फजरला उठले नाही. म्हणजे डोळे उघडायचेच, मेले ठरल्या वेळी उघडायचेच; पण मी गोधडी डोक्यावर ओढून पडून राहायचे. कंदील लावला नाही. रांजणापाशी गेले नाही. उजाडल्यावर उठायचे आणि दिवसभर भांड्यांवर राग काढायचे. सून लेकरांना दबक्या आवाजात सांगायची, "आजीच्या वाटंला जाऊ नका." तौबा, तौबा. आज लिहिताना लाज वाटते, पण झालं ते झालं. पाच दिवस असे गेले.

पाचव्या दिवशी संध्याकाळी, ऊन अजून अंगणात होतं, एक खाकी कपड्यांतला माणूस ओढ्यातले दगड तुडवत वर आला. चाळिशीचा असेल. घाम पुसत म्हणाला, "जय भीम. हितं एक म्हातारी बाई ऱ्हात्यात, त्या कुठं हायत?"

मी म्हणाले, "मीच ती. काय काम हाय?"

तो माझ्याकडं बघतच राहिला. मग मटकन ओसरीच्या पायरीवर बसला. "जित्या हायसा व्हय! मावशी, जीव टांगणीला लागला हुता माझा."

मला आधीच राग, त्यात हे. मी म्हणाले, "का? मी मरायला टेकले असं कुणी सांगितलं तुला?"

"तुमच्या दिव्यानं," तो म्हणाला. "पाच दिस झालं, दिवा लागला न्हाय. मी मुक्कामी गाडीवरचा ड्रायव्हर."

मला काही उमगेना. सुनेनं पाणी दिलं, ते पिऊन त्यानं सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते. तो शाळेच्या ओसरीवर झोपायचा, तोंड ओढ्याकडं करून. दोन वर्षांपूर्वी त्याची या गाडीवर बदली झाली, तेव्हा आधीच्या ड्रायव्हरनं त्याला किल्ली देताना सांगितलं होतं, "पल्याडच्या वस्तीवर दिवा लागला की उठायचं, तोंडावर पाणी मारायचं आन् गाडी चालू करायची. गजर-बिजर लावू नको. ती बाई चुकत न्हाय." त्याला त्याच्या आधीच्यानं सांगितलेलं. गेले पाच दिवस दिवा नाही, म्हणून हा झोपून राहिला. पहिल्या दिवशी दूधवाल्यांनी येऊन खिडकी बडवली तेव्हा लख्ख उजाडलं होतं. "दूधवाल्यांनी माझी अशी पूजा बांधली मावशी, की काय सांगू! पण तेचं काय न्हाय. मला वाटलं, म्हातारी गेली. आन् आपण रोज तिच्या दिव्यावर उठलो, तर मातीला तरी जायाला पायजे हुतं."

मी त्याला म्हणाले, "अरे बाबा, पण मी तर तुझ्या गाडीवर नमाज पढते!"

"आं?"

"तू गाडी चालू केलीस की मी उभी राहते."

तो माझ्याकडं बघतोय, मी त्याच्याकडं. सून आत तोंडात पदर कोंबून उभी. शेवटी तोच म्हणाला, "म्हंजी मावशी, तुमी माझी वाट बघत हुता आन् मी तुमची? मग उठवत कोण हुतं?"

मी विचारलं, "पण गाडी तर साडेपाचची ना? थंडीतसुद्धा?" तर तो हसला. "फळ्यावर साडेपाच. थंडीत तुमचा दिवाच उशिरा लागतो. सहाच्या आत कधी न्हायच निघत. लोकांना सांगतो, इंजिन गार पडतं, लवकर घेत न्हाय. खरं म्हंजी इंजिनाला काय धाड भरलीय!" तेवढ्यात थोरला मोटारसायकलवरून आला. मी त्याला तिथंच झापलं, "फळा वाचणाऱ्या, ही फटफटी आल्यापास्नं त्या मुक्कामी गाडीत कधी पाय ठिवला हुतास का?" त्यानं मान खाली घातली. छापील कागद काढणाऱ्या पाहुण्यांनी तरी कधी ठेवला असेल? फळ्यावरच्या वेळेवर विश्वास ठेवून माझी नमाज खोटी पाडली! याचा राग मला अजून येतो, मी लपवत नाही.

दुसऱ्या पहाटे कुणी न उठवता डोळे उघडले. मी थोडा वेळ तशीच पडून राहिले, पण या वेळी रुसून नाही. कोण उठवतंय ते कळतंय का, म्हणून कान देऊन पडले. काही आवाज नव्हता. कोंबडासुद्धा नाही. कंदील लावला, खिळ्याला अडकवला. गार पाण्यानं वुजू करताना हुंदका आला, तो तसाच येऊ दिला. पलीकडं थोड्या वेळानं इंजिन घरघरलं. पण मी लगेच उभी राहिले नाही. अंगणात जाऊन पूर्वेकडं बघितलं. शेळगावच्या अंगाला आभाळाच्या कडेनं आडवी पांढरी रेघ फुटली होती, म्हणजे फजरची वेळ झाली होती. नियम तो नियम, पाहुणे तेवढ्यापुरते खरे होते. तेव्हापासून मी रोज आधी ती रेघ बघते. त्या दिवशीही ती बघूनच उभी राहिले. सजद्यात डोकं टेकलं तेव्हा तोंडून दुसरं काही निघेचना, फक्त "चुकले, चुकले."

आता तुम्हाला वाटेल, सगळं सरळ झालं. नाही झालं. दिव्यावर गाडी काढायची ही रीत कोणत्या ड्रायव्हरनं सुरू केली, किती वर्षांपूर्वी, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. म्हणजे ज्या थंडीत मालक गेले, त्या थंडीत गाडी घड्याळावर सुटत होती की माझ्या दिव्यावर, हे मला कधीच कळणार नाही. नेमकी तीच थंडी. मला जी सगळ्यांत जास्त हवी होती तीच. सुरुवातीला याचाही संताप आला. इतकं दाखवलंस, मग तेवढंच का झाकून ठेवलंस? पुष्कळ दिवस डोकं फोडलं. मग एका दुपारी हरभऱ्याची भाजी खुडताना सहज मनात आलं, की जे कळलं ते त्यानं कळवलं म्हणून कळलं, आणि जे झाकलं ते त्याच्या हातात राहिलं. माझ्या हातात राहिलं असतं तर मी रोज उकरून काढलं असतं. त्याच्या हातात आहे तेच बरं. त्या थंडीतल्या नमाजा मी जमेल तशा दुपारी परत पढते, दोन दोन रकात. काही राहतील. राहू देत. मालकांचा सांभाळ माझ्या वेळेच्या नेमकेपणावर थोडाच चालला असेल?

मी याला चमत्कार म्हणत नाही. कुणी म्हणालं म्हातारपणाची सवय, तर मी भांडणार नाही. एवढंच म्हणते, की त्या पाच दिवसांत मी त्याच्याकडं पाठ केली होती, आणि त्यानं माझी खबर घ्यायला ओढा ओलांडून माणूस पाठवला. असा माणूस, ज्याला माझी नमाज येत नाही, माझं नाव माहीत नाही, पण माझ्या मातीला जायला पाहिजे होतं म्हणून हळहळणारा. ज्याला माझी नमाज येत होती तो रस्सा ओरपून निघून गेला. या दोघांवर मी पुष्कळ विचार केला. दोघंही त्यानंच पाठवले असतील, असं आता वाटतं. पहिल्याला माफ करायचं चाललंय. निम्मं झालंय.

आता पुरे. बोटं दुखायला लागली. पोरींनो, कागदावर वाचून गोष्ट अंगी लागत नाही. या एकदा वस्तीवर. हरभरा आता घाट्याला आलाय, लेकरांना घेऊन या, ओले घाटे भाजून हुळा करू. बाजाराचा वार धरून येऊ नका, त्या दिवशी घरात कुणी सापडत नाही. आणि पुढच्या वर्षी बघू म्हणू नका, माझ्या वयाच्या बाईला पुढचं वर्ष सांगायचं नसतं. लवकर या. अगदी पहाटे आलात तरी दार वाजवायला लाजू नका, मी उठलेलीच असते.