आबासाहेबांचं गुलाबी औषध

डॉक्टर आबासाहेब रोग्याकडे कधी पाहत नसत. रोग्याला घेऊन आलेल्या माणसाकडे पाहत. कोणी मूल घेऊन आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "त्रास कोणाला होतो?" बाप म्हणे मला, मास्तर म्हणे मला, आणि औषध मुलाला मिळे. अकोल्यातल्या त्यांच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो, म्हणून छातीठोकपणे सांगतो: वळवळ करणाऱ्या झाडून साऱ्या मुलांसाठी त्यांच्याकडे एकच औषध होतं. ब्रोमाइड, म्हणजे गुंगी आणणारं औषध, गुलाबी रंग घालून. "शांत मूल म्हणजे निरोगी मूल," असं ते म्हणत. या न्यायानं आमच्या दवाखान्याची पायरी गावात सगळ्यांत निरोगी होती.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मोर्णा नदीपलीकडच्या खेड्यातली एक बाई तिच्या आठ वर्षांच्या शेवंताला घेऊन आली. पोरगी चुणचुणीत, पण वर्गात पाच मिनिटं एका जागी बसेना. "अशीच राहिली तं शाळेतून नाव काटतो म्हन्ते मास्तर," बाई रडकुंडीला आली होती. आबासाहेबांनी पोरीची जीभसुद्धा न पाहता चिठ्ठी लिहिली.

महिन्याभरानं बाई परत आली.

"भाकर हातात धरून झोपते जी. परवा गाय अंगावर आली तं जाग्यावरून हललीबी नाई. मरून जाईन ना माही पोरगी!"

"हललीच नाही? मग औषध लागू पडलं!" आबासाहेब प्रसन्न झाले आणि त्यांनी मात्रा वाढवली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण नोकर माणूस, तोंडानं काय बोलणार? बाटलीत साखरेचा पाक, पाणी आणि रंग भरला. पायरीवर बाईला गाठून म्हणालो, "हे निस्तं साखरपानी हाय. कोणाले सांगू नोका. पाढे येतात का तिले?"

"वावरात कापूस येचता येचता धडाधडा म्हनते," बाई म्हणाली. "बसली का इसरते."

एवढं निदान आबासाहेबांना जन्मात जमलं नव्हतं.

औषध चालू आहे म्हटल्यावर मास्तरांनीही शेवंताच्या उठबशीकडे काणाडोळा केला. चार महिन्यांत ती वर्गात दुसरी आली. आबासाहेब हरखले. अमरावतीला शाळाचालकांची एक बैठक होती; अवखळ मुलांचं काय करावं, हाच विषय. ते शेवंताला पुरावा म्हणून घेऊन गेले आणि बाटली धरायला मला. शेवंतानं सभागृहात येरझारा घालत तेविसाचा पाढा म्हटला. "पाहा, हा औषधाचा गुण!" आबासाहेब गरजले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एका शिक्षिकेनं तेवढं विचारलं, "मुलगी तर चालतेच आहे. मग औषधानं नेमकं काय झालं?" तिला खाली बसवण्यात आलं.

ती शिक्षिका माझ्याकडेच पाहत होती. एक वाक्य बोललो असतो तरी पुरलं असतं. मी बाटली घट्ट धरून उभा राहिलो. घरी बायको होती, दोन मुलं होती, आणि मी भित्रा होतो.

पंधरवड्यात त्या बैठकीतल्या शाळांनी मागवलेलं औषध भरायला घेतलं. एवढं मानाचं काम म्हणून आबासाहेब स्वतः शेजारी खुर्ची टाकून बसले. त्यांच्या डोळ्यांदेखत साखरपाणी भरता येईना. मी खरं औषध भरलं, आणि प्रत्येक बाटलीचं बूच माझ्या हातांनी घट्ट बसवलं.