आमच्या गल्लीला शुगर झाली तेव्हा

पुंडलिकनगरातल्या आमच्या अख्ख्या गल्लीला एकाच सकाळी मधुमेह झाला, आणि तो मी केला.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. जीवशास्त्र पाठांतरावर कसंबसं तरून जायचं, पण जीवरसायन मला बुडवणार हे नक्की होतं. आमचं मूळ घर गंगापूरकडचं, मेंढरांचं. घराण्यात कुणाची डॉक्टरकी मेंढराच्या खुरापलीकडं गेली नव्हती. त्यामुळं मी सायन्सला गेल्याचं दादांना (म्हणजे माझ्या वडलांना) भारी कौतुक. आणि मी काय केलं? सराव परीक्षेत परीक्षानळी उकळता उकळता आतला निळा ऐवज थेट सरांच्या पांढऱ्या शर्टावर उडवला! सर एवढंच म्हणाले, "बाई, सराव करा. पण घरी."

दादा चिकलठाण्याला कारखान्यात होते. त्यांनी कामावरून येताना स्पिरिटचा दिवा, काचेच्या नळ्या, चिमटा आणि बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणाची बाटली आणली. ह्या द्रावणाचं काम सोपं. त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळं राहिलं तर माणूस ठणठणीत. हिरवं, पिवळं होत विटकरी लाल झालं, तर लघवीत साखर!

"पण सरावाला लघवी आणू कुठून?" मी विचारलं.

"एवढी मोठी गल्ली कशाला हाय मग?" आई म्हणाली आणि पदर खोचून बाहेर पडली.

माझ्या आईला कुठलीही गोष्ट हळू सांगता येत नाही. "आमची सुनी फुकटात शुगर तपासती व्हं! ज्याला तपासायची त्यानं सकाळी बाटली आणून द्या!" हे तिनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचवलं. (मध्ये भाजी घेणाऱ्या दोन परक्या बायकांनीही चौकशी केली.)

सकाळी ओट्यावर बाटल्यांची रांग लागली. समोरच्या रेहाना खालांची, त्यांच्या मुलीची म्हणजे शबानाची, कोपऱ्यावरच्या जाधव मास्तरांची, आणि बाकीच्या घरांची. शबाना माझी जिवलग मैत्रीण. येत्या रविवारी तिची मंगनी होती. बाटल्या सगळ्या एका मापाच्या, एका आकाराच्या! आपल्या लोकांना शिस्त नाही असं कोण म्हणतं, मला भरूनच आलं.

पहिली बाटली खालांची. उकळलं, आणि नळी विटकरी लाल!

"खाला... लाल झालंय."

"लाल? म्हणजे पास ना?"

"नाय, नापास."

खाला ओट्यावर खाली बसल्या. मी शबानाची लावली. लाल! मास्तरांची तर विटेपेक्षा लाल. मास्तर वाकून आपल्या बाटलीकडं बघत होते. "बघ बघ, मुंग्या लागल्या! जुनी माणसं सांगायची, शुगर असली की मुंग्या येतात. पोरी, तुझी परीक्षा खरी हाय!"

मग आईची लाल, दादांची लाल. शेवटी स्वतःची लावली, तीही लाल. मी रडत रडत पुस्तक उघडलं, आणि मधुमेहाच्या धड्यातली सगळी लक्षणं मला तत्काळ जाणवायला लागली.

त्या दिवसापासून गल्लीची चव गेली. घरोघर बिनसाखरेचा चहा उकळायला लागला. मास्तर कारल्याचा रस पिऊन ओट्यावर बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "बराय मग" असं कायमच्या निरोपाच्या आवाजात म्हणायचे. दादा डबा न्यायचे, पण त्यातला गूळ बाजूला काढून त्याच्याकडं बघत राहायचे. खालांनी मंगनीची मिठाई रद्द केली. "सब कू शुगर है, तो मीठा कायकू?"

इथवर ठीक होतं. पण बातमी जालन्याला गेली! शबानाचं होणारं सासर तिथलं. किराणा दुकानातल्या फोनवर निरोप आला, "लड़की को शुगर है ऐसा सुने. हम आके बात करते."

खाला डोक्याला हात लावून बसल्या. शबाना मात्र रडली नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, "सुने, आता तूच कर माझ्याशी लग्न."

मी घरी आले ती जमिनीत गडप व्हायच्या तयारीनं. काहीतरी करायचं म्हणून पुस्तक चाळलं. त्यात पहिलंच वाक्य होतं, की आधी साध्या पाण्यावर चाचणी करून बघावी. (पहिली वाक्यं मी सहसा सोडून देत असे.) समोर एक रिकामी झालेली बाटली होती. तिच्यात नळाचं पाणी घेतलं, हलवलं, त्यातले थेंब द्रावणात टाकले आणि उकळलं.

लाल!

"आई गं! नळाच्या पाण्याला शुगर झाली!"

आई पोळपाट सोडून आली. तिनं बाटली उचलली, उजेडात धरली आणि तळाच्या चिकट थराकडं बोट घालायला लागली. मी ओरडून तिचा हात धरला. ती म्हणाली, "अगं, ही तर आपली काकवीची बाटली! तुझा काका गंगापूरहून उसाच्या काकवीचा डबा घेऊन आला नव्हता का? मीच बाटल्या भरून गल्लीत वाटल्या. म्हणलं, रिकाम्या झाल्या की परत द्या."

"मग?"

"मग काय! शेजारणीचं भांडं रिकामं कसं परत द्यायचं? दिल्या भरून!"

मी तशीच खालांकडं पळाले. पण उशीर झाला होता. जालन्याची मंडळी येऊन बसली होती. मुलाची आई, सगळे त्यांना अम्मी म्हणत, भिंतीला टेकून बसल्या होत्या. चेहरा कडक. मी काकवीची सगळी हकीकत धाप टाकत सांगितली. अम्मींनी ती शांतपणे ऐकली, पाण्याचा आणखी एक पेला रिता केला आणि म्हणाल्या, "बोलने का नक्को. मेरे सामने कर."

दिवा आला, नळ्या आल्या. बाटल्या आईनं ह्या वेळी उकळून आणल्या, बोटं भाजून घेत. शबाना निळी. खाला निळ्या. दारात उभे राहिलेले मास्तर निळे (आणि कारल्याची आठवण येऊन संतापलेले). मी इतकी खूश झाले, की नळी हातातून सुटता सुटता राहिली.

"हौ, अब मेरा देख," अम्मी म्हणाल्या. "तब मानूँगी."

त्यांचं उकळलं. हिरवं... पिवळं... लाल!

मी दुसरी कोरी नळी घेतली, पाण्यावर आधी चाचणी केली. पाणी निळं. अम्मी पुन्हा लाल. होणाऱ्या व्याहिणीला तिच्या तोंडावर नापास कसं करायचं, हे पुस्तकात नव्हतं. मी एका दमात म्हणाले, "अम्मी, चूक माझीच असंल. मी अशी लई चुकते. पण उद्या दवाखान्यात दाखवा, तुम्हाला हात जोडते."

त्यांनी पेल्याकडं पाहिलं. आवाजातला कडकपणा गेला. "प्यास बहुत लगती रे बेटा. महीनों से. सब बोलते, गर्मी है."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात खरंच शुगर निघाली, आणि बरीच वाढलेली. डॉक्टर म्हणाले, बरं झालं आत्ताच आलात. रविवारी मंगनी झाली, मिठाईसकट. अम्मींनी पहिला घास आपल्या हातानं मला भरवला आणि स्वतः तोंडात टाकली बडीशेप. "इसने मेरे कू बचाई," असं त्या साऱ्या जालन्याला सांगत होत्या. मी मान खाली घालून जिलेबी खात होते. दुसरं काय करणार!

परीक्षेपर्यंत सराव चालू राहिला. मला वाटलं होतं, आता कुणी दारात उभं करणार नाही. पण सकाळी ओट्यावर पुन्हा बाटल्या आल्या, स्वच्छ घासलेल्या. मास्तरांनी तर वाळत घातलेली बाटली चार जणांना हुंगायला लावून मग आणली. कुणी एका शब्दानं टोचलं नाही. खालांनी उलट माझ्यासाठी चहा पाठवला, दुप्पट साखरेचा. त्या परीक्षेत मी पास झाले ते माझ्या हुशारीवर नाही, हे मी आजही कुणालाही सांगते. ज्या गल्लीला मी उगाच आजारी पाडलं, तिनंच मला शिकवलं. एवढे उपकार कुठं फेडायचे?

आता माझी स्वतःची लहानशी तपासणीची लॅब आहे. जुन्या गल्लीतले सगळे अजून माझ्याकडंच येतात, दूर राहायला गेलेलेसुद्धा. रक्त देतात, आशीर्वाद देतात, रिपोर्ट हातात पडला की दोन्ही हातांनी कपाळाला लावतात. परवा जाधव मास्तरांनी तो नीट घडी करून खिशात ठेवला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरी, तुझ्यावर लई विश्वास हाय बघ, म्हणून पहिलं तुझ्याकडं आलो. आता एकदा दुसरीकडं तपासून घेतो!"